पळताना बीपी सलग मोजता येतं का?

पळतोय_पळू_द्या (शनि, रात्री ९:२०)

नमस्कार मंडळी. वय ४९, मुक्काम पुणे. एरवी रस्त्यावर पळणं, रविवारी सिंहगड. बीपीची गोळी नाही. साताऱ्याची हिल हाफ मॅरेथॉन पळायची आहे म्हणून घरच्यांच्या आग्रहाखातर टीएमटी (ट्रेडमिलवर पळवून हृदय तपासतात ती चाचणी) करून घेतली. ईसीजी स्वच्छ. पण रिपोर्टात बसून १२८/८२ आणि शेवटच्या टप्प्यात २१४/८४ असे आकडे आहेत. डॉक्टर म्हणाले, "व्यायामात जरा जास्त वाढतंय, लक्ष ठेवा." कशाने ठेवायचं हे विचारेपर्यंत पुढचा पेशंट आत आला होता.

तेव्हापासून डोक्याला भुंगा लागलाय. पळताना ठोके दिसतात, वेग दिसतो, चढ दिसतो. साखरेसाठी दंडावर चिकटवायचा सेन्सर आला, तो दोन-दोन आठवडे चालतो. मग बीपीचंच घोडं कुठे अडलंय? दर ठोक्याला, सुई न टोचता, मी पळत असताना मोजणारं काही खरंच असतं का, की अजून कोणाला जमलेलंच नाही?

"अमुक घड्याळ घे" एवढंच लिहू नका. ते नेमकं काय मोजतं हे माहीत असेल तर लिहा.

बंडूनाना (शनि, रात्री ९:४१)

रविवारी गडावर जाऊन पिठलं-भाकरी, कांदाभजी आणि वर मडक्यातलं दही हाणणाऱ्या माणसाने बीपी पळताना नव्हे, खाली उतरल्यावर मोजावं.

मनगटी_मनोज (शनि, रात्री १०:०५)

तुम्ही नको म्हणताय तरी लिहितो. माझ्या घड्याळात बीपी येतं. ऑनलाइन सेलमध्ये घेतलं, कंपनीचं नाव लिहीत नाही, उगाच जाहिरात नको. बसून घेतलं तर घरच्या यंत्राच्या आसपासच असतं, आणि चालून आल्यावर घेतलं की वाढलेलं दिसतं. आणखी काय पाहिजे?

स्टेथोवाली (रवि, सकाळी ६:५०)

मी फिजिऑलॉजी शिकवते, कार्डिओलॉजिस्ट नाही, हे आधी सांगते.

व्यायामात वरचं बीपी वाढायलाच हवं. पायांचे स्नायू रक्त मागतात, हृदय बसल्यापेक्षा चार-पाच पट रक्त फेकायला लागतं. त्याच वेळी स्नायूंमधल्या बारीक रक्तवाहिन्या उघडतात, म्हणून खालचं बीपी फारसं हलत नाही, कधी थोडं उतरतंसुद्धा. तुमचं ८२ चं ८४ झालं, ते अगदी अपेक्षेप्रमाणे. वरच्यासाठी ढोबळ हिशेब असा की श्रम एका मेटने वाढले की बीपी साधारण १० एमएम (पाऱ्याचे मिलिमीटर) वाढतं (बसून राहायला जेवढी ऊर्जा लागते तो एक मेट). पुरुषांत २१० आणि स्त्रियांत १९० च्या पुढे गेलं की "जास्त प्रतिसाद" म्हणायची पद्धत आहे. वरचं २५० किंवा खालचं ११५ च्या पुढे गेलं तर चाचणी थांबवतात. तुमचं २१४ म्हणजे रेषेच्या किंचित पलीकडे.

अशा लोकांना पुढेमागे बसल्याजागीही बीपी सुरू होण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते. "लक्ष ठेवा" ते यासाठी. आणि टीएमटीत आम्हाला खरी धास्ती असते ती वेगळ्याच गोष्टीची. चढ वाढवला आणि वरचं बीपी वाढायचं सोडून खाली घसरलं, तर यंत्र बंद करायला धावतो.

पळतोय_पळू_द्या (रवि, सकाळी ११:३०)

@स्टेथोवाली, डॉक्टर, हे एवढं मला तिथेच कोणी सांगितलं असतं तर रात्रभर गूगल केलं नसतं. पण माझा प्रश्न आहे तिथेच आहे. टीएमटीत पाच-सहा वेळा मोजलं, तेही ट्रेडमिलवर. सिंहगडाच्या शेवटच्या चढावर काय होत असेल?

@बंडूनाना, आजही खाल्लं. दोन भाकऱ्या.

शंकासुर (रवि, दुपारी १२:१०)

बाळबोध प्रश्न. मध्येच थांबून दंडाला घरचा पट्टा लावला तर?

सेन्सरवाला (रवि, दुपारी २:२५)

@शंकासुर, थांबलात की मोजायची गोष्टच पळून जाते. थांबल्यावर पहिल्या एक-दोन मिनिटांतच बीपी भराभर उतरतं. सॅकमधून पट्टा काढून, बाही वर करून, बटण दाबेपर्यंत तुम्ही विश्रांतीचं बीपी मोजायला लागलेले असता.

आणि न थांबता लावलात तर? घरचं यंत्र पट्ट्यातली हवा सोडताना धमनीच्या ठोक्यांमुळे हवेत उठणारे बारीक हेलकावे टिपतं. हेलकावे सर्वांत मोठे होतात तिथे सरासरी दाब, आणि त्यावरून वरचा-खालचा आकडा कंपनीच्या आपल्या सूत्राने काढलेला. हात हलला की स्नायूंचे हेलकावे ठोक्यांपेक्षा कितीतरी मोठे असतात. मग एरर, नाहीतर काहीतरी आकडा. मला एरर परवडते.

शिवाय पट्ट्याची पद्धत मुळातच सलग नाही. रिवा-रोचीने १८९६ मध्ये फुगवायचा पट्टा आणला, कोरोत्कोवने १९०५ मध्ये स्टेथोने ऐकायचे आवाज सांगितले, आणि आपण अजून तेच करतोय. हिशेब करून बघा. पट्टा २०० पासून ८० पर्यंत सेकंदाला ३ एमएम या गतीने उतरवला तर ४० सेकंद लागतात. पळणाऱ्याचे ठोके १६० असतील तर तेवढ्यात शंभराहून जास्त ठोके होऊन गेले. म्हणजे रिपोर्टातला २१४ एका ठोक्याचा आणि ८४ त्यानंतर शंभरेक ठोक्यांनी आलेल्या दुसऱ्याच ठोक्याचा. आपण मध्ये तिरकी रेघ मारून त्यांचं लग्न लावतो.

मी बंगळूरला वैद्यकीय उपकरणांच्या कंपनीत आहे. घड्याळांवर संध्याकाळी लिहितो, जेवण व्हायचंय.

बंडूनाना (रवि, दुपारी २:४०)

तिरकी रेघ मारून लग्न लावणे. आमच्या वेळी पत्रिका बघायचे.

सेन्सरवाला (रवि, रात्री ८:१५)

तर मनोजभाऊंचं घड्याळ.

पाठीमागचा हिरवा दिवा दाब मोजत नाही. कातडीखालच्या रक्ताचं प्रमाण दर ठोक्याला कमी-जास्त होतं, परत येणाऱ्या प्रकाशात तेवढं त्याला दिसतं. त्या लाटेच्या आकारावरून, ठोक्यांवरून, तुम्ही भरलेल्या वय-वजनावरून सॉफ्टवेअर अंदाज बांधतं. म्हणूनच सॅमसंगसारखी कंपनी आधी पट्ट्याच्या यंत्राशी जुळवून घ्यायला लावते आणि दर २८ दिवसांनी पुन्हा जुळवायला सांगते. ॲपलने २०२५ मध्ये उच्च रक्तदाबाची सूचना आणली, ती तर आकडा दाखवतच नाही. ३० दिवसांच्या नोंदी बघून "डॉक्टरांना दाखवा" इतकंच सांगते. मला तो प्रामाणिकपणा आवडला. मनगटाच्या पट्ट्यातच हवा भरणारं ओम्रॉनचं घड्याळही आहे, ते खरोखर दाबून मोजतं, पण हात छातीपाशी धरून गप्प बसायचं. पळणं संपलं.

दुसरी जुनी युक्ती आहे वेळेची. ईसीजीवर ठोक्याची उंच रेघ आली त्या क्षणापासून नाडीची लाट बोटात पोचेपर्यंत किती मिलिसेकंद गेले ते मोजायचं. दाब वाढला की धमनीची भिंत ताणून कडक होते आणि कडक नळीत लाट लवकर पोचते. मोन्स आणि कोर्टेवेग या दोन डचांनी १८७८ मध्येच याचं गणित मांडलंय. गणितात खोट नाही. गोची अशी की या मिलिसेकंदांत हृदयाची झडप उघडण्याआधीचा वेळही धरला जातो. स्नायू आवळायला लागला, आत दाब तयार होतोय, पण रक्त अजून बाहेर पडलेलं नाही, तो वेळ. व्यायामात ॲड्रेनलिनमुळे हाच आखडतो. आता एकूण वेळ कमी झाला तो धमनी कडक झाली म्हणून, की हृदयाने जोर लावला म्हणून? यंत्राला पत्ता नाही.

यात फसवी गंमत आहे. व्यायाम चढत असताना दोन्ही एकाच दिशेने जातात, त्यामुळे आलेख सुंदर जुळतो. शोधनिबंध छापून येतो. व्यायाम थांबला की उतरणीला तीच जुळणी बिघडते.

मनगटी_मनोज (रवि, रात्री ८:५०)

अहो पण अंदाज तरी बरोबर येतोय ना? कल कळला तरी पुष्कळ. आपल्याला काय ऑपरेशन करायचंय?

शंकासुर (रवि, रात्री ९:०२)

मनोजशी सहमत. आकडा चुकला तरी "वाढतंय" हे कळलं तर उपयोगच आहे.

सेन्सरवाला (रवि, रात्री ९:३०)

"वाढतंय" हे ठोक्यांवरूनही कळतं. पळायला लागलात की दोन्ही वाढतात. मी तुम्हाला डोळे मिटून तसं यंत्र बनवून देतो: ठोके वाढले की बीपी वाढलेलं दाखवायचं. चालण्याच्या परीक्षेत ते सहज पास होईल.

खरी परीक्षा अशी घ्यायची की बीपी वाढेल पण ठोके फारसे वाढणार नाहीत. उदाहरणार्थ एका हाताने व्यायामाची स्प्रिंग दाबून धरायची, किंवा एक हात बर्फाच्या पाण्यात बुडवायचा. दुसऱ्या दंडाला पट्टा.

स्टेथोवाली (रवि, रात्री ९:४४)

थांबा थांबा. बर्फाच्या पाण्याची चाचणी आम्ही विद्यार्थ्यांकडून करून घेतो, ती चांगली आहे, पण ज्यांना बीपी किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी घरी हे प्रयोग करू नयेत. स्प्रिंगसुद्धा श्वास रोखून दाबायची नाही.

लोखंडप्रेमी (सोम, सकाळी ७:०५)

जिमवाल्यांना कोणी विचारतच नाही. आमच्याकडे एक पोरगा लेग प्रेसला लाल-जांभळा होतो, त्याचं किती जात असेल?

स्टेथोवाली (सोम, सकाळी ७:४०)

@लोखंडप्रेमी, याचं उत्तर आहे आणि ते ऐकून दचकाल. कॅनडात मॅकडुगल आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये ५ शरीरसौष्ठवपटूंच्या दंडाच्या धमनीत बारीक नळी घालून वजनं उचलताना दाब मोजला. दोन्ही पायांच्या लेग प्रेसला सरासरी कमाल ३२०/२५० आली. एका पठ्ठ्याचं ४८०/३५० च्याही वर गेलं.

पाऱ्याच्या बीपी यंत्राची नळी ३०० ला संपते! आणि हा चढ-उतार एका उचलीत काही सेकंदांत होऊन जातो, पट्ट्याला तो सापडणं शक्यच नाही. आवळलेले स्नायू आतल्या रक्तवाहिन्या पिळून बंद करतात आणि त्यात श्वास रोखून जोर लावला की छातीतला दाब थेट भर घालतो. डोकं फुटत नाही याचं एक कारण असं की छातीतला दाब मेंदूभोवतीच्या पाण्यापर्यंतही पोचतो, त्यामुळे मेंदूतल्या वाहिन्यांना बाहेरूनही थोडा आधार मिळतो.

तुमच्या पोराला सांगा, वजन ढकलताना श्वास सोडायचा.

लोखंडप्रेमी (सोम, सकाळी ७:५५)

सांगितलं. म्हणाला, "काका, कॅमेऱ्यात चेहरा चांगला दिसत नाही मग."

हॉलंडवासी (सोम, दुपारी ३:१०)

मूळ प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही, ते देतो. हो, यंत्र आहे. आणि ते लावून घेऊन मी सायकल मारलेली आहे.

विद्यार्थी असताना इथल्या विद्यापीठात प्रयोगासाठी माणसं हवी होती. पैसे अगदी किरकोळ, पण फुकट कॉफी. फिरत्या नव्हे, स्थिर सायकलवर बसवलं, डावा हात गळ्यात झोळी बांधून छातीच्या उंचीला अडकवला आणि मधल्या बोटाच्या पेरावर अंगठ्याएवढा पट्टा गुंडाळला. पडद्यावर दर ठोक्याची अख्खी लाट दिसत होती, नुसते दोन आकडे नव्हेत.

मूळ कल्पना यान पेन्याझ नावाच्या चेक शास्त्रज्ञाची, ब्रनो गावचा, १९७३ मध्ये ड्रेस्डेनच्या परिषदेत त्याने ती मांडली. बोटाच्या पट्ट्यात एका बाजूला इन्फ्रारेड दिवा, समोर प्रकाश टिपणारा. ठोक्याबरोबर धमनी फुगायला लागली की पलीकडे प्रकाश कमी पोचतो. तो कमी होतोय म्हणताक्षणी एक चपळ झडप पट्ट्यातली हवा वाढवते आणि धमनीला फुगू देत नाही. ठोका ओसरला की हवा सोडते. हे एका ठोक्यात अनेकदा. धमनीचा आकार हलू न देण्यासाठी बाहेरून जेवढा दाब लावावा लागला तेवढाच आत. भाजीवालीने काटा मधोमध आणायला किती वजनं टाकली त्यावरून वांगी किती ते कळतं, तसं. त्यामुळे हा अंदाज नव्हे, दाबाला दाबानेच तोललेलं आहे.

पुढे इथे ॲमस्टरडॅमला टीएनओ संस्थेत कारेल वेसेलिंग आणि मंडळींनी १९८० च्या दशकात त्यातून वापरण्याजोगं यंत्र केलं, फिनाप्रेस. बोटातल्या धमनीचा ताण सतत बदलतो, थंडीने वेगळा, भीतीने वेगळा. म्हणून त्यांनी अशी सोय केली की यंत्र अधूनमधून काही ठोके थांबतं, पुन्हा आपला शून्य कुठे ते शोधतं आणि पुढे चालू. पडद्यावर मध्येच पायऱ्या दिसायच्या त्या याच. अंगावर बांधून फिरायचं भावंडही निघालं, पोर्टाप्रेस. दोन बोटांना दोन पट्टे, एक दमला की दुसरा. अंतराळ स्थानकातही बोटाचं असं यंत्र वापरलं गेलंय.

लाट बघताना एक गोष्ट विसरलो नाही. जोरात पेडल मारताना "एकदम थांब" म्हणाले. थांबलो. काही सेकंदांत लाटांचा डोंगर खाली सरकला, मला जरा हलकं हलकं वाटलं आणि प्रयोग घेणाऱ्या बाईंनी परत हळू पेडल मारायला सांगितलं. पाय हलत असतात तोवर पोटऱ्या रक्त वर ढकलतात. पाय थांबले, वाहिन्या मात्र उघड्याच, की रक्त खाली साठतं. पळून झाल्यावर चालत राहा का सांगतात ते तेव्हा डोळ्यांनी पाहिलं.

मीरा_मिरज (सोम, दुपारी ४:००)

अय्या, हे बोटाचं मी पाहिलंय! आईला उभं राहिलं की चक्कर यायची, तेव्हा टेबलावर बांधून टेबल उभं करतात ती टिल्ट टेस्ट केली होती. बोटाला असलंच काहीतरी होतं आणि ते सारखं घर्रघर्र करत होतं. आई म्हणाली, बोट निळं पडलं.

हॉलंडवासी (सोम, दुपारी ४:२०)

@मीरा_मिरज, तेच असणार. चक्करेच्या तपासणीत त्याचा उपयोग होतो, कारण तिथे काही सेकंदांतली पडझड बघायची असते. बोट निळसर पडतं, बधिरही होतं, पट्टा काढला की मिनिटभरात ठीक. माझं तर सायकल संपेपर्यंत बोट माझं आहे की विद्यापीठाचं असा प्रश्न पडला होता.

पळतोय_पळू_द्या (सोम, रात्री ९:१५)

@हॉलंडवासी, वा! हेच हवं होतं. कुठे मिळतं? किंमत? सिंहगडावर चालेल का?

हॉलंडवासी (सोम, रात्री १०:३०)

किंमत लाखांत, गिऱ्हाईक म्हणजे संशोधन आणि हॉस्पिटलं. आणि सिंहगडावर नाही चालणार.

सेन्सरवाला (सोम, रात्री ११:०५)

का नाही चालणार ते मी सांगतो, कारण याच भिंतीवर सगळ्यांची डोकी आपटतात.

हात हृदयापेक्षा दर १० सेंटिमीटर खाली गेला की तिथला दाब साधारण ७.७ एमएमने जास्त. हे रक्ताचं वजन आहे, त्यात कोणाची चूक नाही. पळताना मनगट कमरेपासून छातीपर्यंत हलतं. ३० सेंटिमीटर धरा. म्हणजे नुसत्या हात हलवण्याने प्रत्येक पावलाला २३ एमएमचा झोका. बोटाच्या यंत्राला यासाठी बोट ते छाती अशी पातळ द्रव भरलेली नळी जोडतात, ती उंचीचा फरक वजा करते. पण हात झटकला की नळीतला द्रवही हिंदकळतो आणि तो हिंदकळाही दाब म्हणून मोजला जातो. त्यातून सायकलचं हँडल घट्ट धरलं किंवा मूठ आवळली तर बोटातलं रक्तच अडतं. पहाटे गडावर बोटं गार पडली तर लाटच गायब.

आणि सगळं जमलं तरी एक उरतंच. बोटातला वरचा आकडा हृदयाजवळच्या महाधमनीतला नव्हे. लाट टोकाकडे जाताना उंच होत जाते आणि व्यायामात ही उंची आणखी वाढते. बोटात २२० दिसले म्हणून हृदय २२० विरुद्ध ढकलतंय असं नाही. बोटाच्या लाटेवरून दंडाचा आकडा काढायची सूत्रं आहेत, पण बसलेल्या माणसावर बेतलेलं सूत्र पळणाऱ्याला लावताना जपून.

आता कोणी म्हणेल, मग खात्रीचं काय? धमनीत सुई, आयसीयूत असते ती ए-लाइन. तुम्ही "सुई न टोचता" म्हणालात म्हणून विषय मिटला.

बंडूनाना (सोम, रात्री ११:२०)

थोडक्यात: नेमकं मोजायचं तर पळू नका, पळायचं तर मोजू नका.

शंकासुर (मंगळ, सकाळी ८:३०)

@बंडूनाना, असं एका वाक्यात संपवू नका हो. या सगळ्या घड्याळांना परवानगी देताना कोणी तपासत नाही का?

सेन्सरवाला (मंगळ, सकाळी ९:१०)

तपासतात, पण कशासाठी ते बघायला हवं. पट्ट्याच्या यंत्रांना जो आंतरराष्ट्रीय निकष आहे त्यात सरासरी चूक ५ एमएमच्या आत आणि चुकांची विखुरणी ८ च्या आत लागते. ही परीक्षा शांत बसलेल्या माणसावर. ज्या घड्याळाला आधी तुमचा खरा आकडा भरवलाय, ते नुसतं तोच आकडा परत सांगत बसलं तरी बसलेल्या परीक्षेत बरे मार्क मिळवू शकतं. म्हणून युरोपियन सोसायटी ऑफ हायपरटेन्शनने २०२३ मध्ये बिनपट्ट्याच्या यंत्रांसाठी वेगळ्या परीक्षा सुचवल्या. हाताची जागा बदलून, औषधाने बीपी उतरवून, झोपेत-जागेपणी, व्यायामात आणि पुन्हा जुळवणी करायच्या वेळी. त्याच वर्षीच्या त्यांच्या मार्गदर्शक सूचनांत अशी यंत्रं निदानासाठी वापरू नका असंही म्हटलंय. सलग मोजणाऱ्यांसाठी आयएसओचा निराळा निकष २०२२ मध्ये आला. बॉक्सवर "क्लिनिकली टेस्टेड" वाचलंत की विचारा, यातली कोणती परीक्षा?

मनगटी_मनोज (मंगळ, रात्री ८:४०)

केला स्प्रिंगचा प्रयोग. बायको एका दंडाला पट्टा लावून, त्याच हाताच्या मनगटात घड्याळ, दुसऱ्या हातात स्प्रिंग. मला बीपी नाही आणि श्वास चालू ठेवला, डॉक्टर रागावू नका.

पट्टा: आधी १२२/७८, दाबून धरल्यावर १४८/९६. ठोके ७२ चे ८०. घड्याळ: आधी १२१/७९, नंतर १२३/८०. पुन्हा केलं, तसंच.

मग घरातच जागच्या जागी उड्या मारल्या. ठोके वाढले तसं घड्याळ लगेच १३८.

सेन्सरवाला (मंगळ, रात्री ८:५२)

आता तुम्ही माझ्यापेक्षा चांगला प्रतिसाद लिहिलात. (पट्टा फुगला की मनगटातली लाट अडते, म्हणून पुढच्या वेळी आधी घड्याळ वाचा, मग लगेच पट्टा.)

मनगटी_मनोज (मंगळ, रात्री ९:००)

तसंच केलं होतं. ठोके आणि झोपेसाठी घड्याळ ठेवतोय. बीपीचा कोपरा स्क्रीनवरून काढला.

सकस_आहार (बुध, सकाळी १०:००)

पळण्याआधी बीटाचा रस घ्या, पापड-लोणचं बंद करा, आणि माझ्या मेहुण्यांना जी गोळी चालू आहे ती

व्यवस्थापक (बुध, सकाळी १०:२५)

वरच्या प्रतिसादातलं औषधाचं नाव आणि डोस काढले आहेत. पापड-लोणच्यासाठी आहार विभागात धागा आहे.

बंडूनाना (बुध, सकाळी १०:३१)

पापडाला वेगळा धागा आणि माणसाला नाही.

स्टेथोवाली (बुध, रात्री १०:१५)

धागाकर्त्यांसाठी कामाचं. सलग मोजायचा हट्ट तुम्ही ज्यासाठी धरलाय त्याचं उत्तर बहुतेक चढावर नाहीच. तुमचं १२८/८२ एकदा, दवाखान्यात घेतलेलं आहे. पुष्कळ लोकांचं दवाखान्यात ठीक आणि दिवसभर वाढलेलं असतं, आणि व्यायामात जास्त वाढणाऱ्यांत असे लोक अधिक सापडतात. तेव्हा २४ तासांचं बीपी लावून घ्या. लोक त्याला बीपी होल्टर म्हणतात. दंडाला पट्टा, कमरेला डबी, दिवसा १५ ते ३० मिनिटांनी आणि रात्री जरा कमी वेळा आपोआप फुगतो. सलग नाही, पण झोपेतलंही बीपी कळतं, ते घड्याळापेक्षा लाख मोलाचं. पट्टा फुगायला लागला की थांबायचं, हात सैल सोडायचा, बोलायचं नाही. त्या दिवशी पळायला जाऊ नका, नुसते एररचे कागद येतील.

शिवाय घरी पट्ट्याच्या यंत्राने आठवडाभर सकाळ-संध्याकाळ, पाच मिनिटं बसून, पाठ टेकून, हात छातीच्या पातळीला टेबलावर. व्यायामानंतर काही तास बीपी नेहमीपेक्षा खाली असतं, तेव्हा पळून आल्यावरचाच आकडा बघून खूश होऊ नका. गडावरून उतरून मोजणारे सगळे निरोगी असतात.

पळतोय_पळू_द्या (गुरु, रात्री ९:५०)

होल्टरचं ठरवलं, पुढच्या आठवड्यात लावतोय. डॉक्टरांना फोनवर विचारलं, तेही हेच म्हणाले. साताऱ्याला पळायचं की नाही ते रिपोर्टनंतर.

एक राहिलं. टीएमटीत मी शेवटी पुढची दांडी घट्ट धरली होती, पडेन की काय वाटलं. त्याने २१४ वर फरक पडला असेल का?

टीएमटीवाला (शुक्र, सकाळी ७:२०)

रोज हेच काम करतो म्हणून सांगतो. पडतो. दांडी घट्ट आवळली की ते स्प्रिंग दाबण्यातच जमा, बीपी वर जातं. उलट अंगाचा भार दांडीवर गेल्याने पाय कमी काम करतात, मग तुम्ही खरं जमवलं त्यापेक्षा जास्त टप्पे पार केल्यासारखे रिपोर्टात दिसतात. आम्ही सांगतो बोटं नुसती टेकवा. शेवटच्या टप्प्यात कोणी ऐकत नाही.

बीपी आम्ही कानानेच घेतो. आपोआप मोजणारी यंत्रं आहेत, ईसीजीच्या ठोक्याशी मेळ घालून आवाज ओळखणारी, पण आमच्याकडे स्टेथो. तीन मिनिटांचा टप्पा, शेवटच्या मिनिटात पेशंटचा हात दांडीवरून सोडवून आपल्या काखेत धरायचा, तो पळतोय, आपण बाजूला उभे, ट्रेडमिलचा पट्टा धडधडतोय, त्यात आवाज ऐकायचा. वरचा आकडा नीट मिळतो. खालचा पळताना पुष्कळदा शून्यापर्यंत ऐकू येत राहतो, तेव्हा आवाज मंद झाला तिथला लिहितो. तुमच्या ८४ वर फार विसंबू नका, २१४ वर विसंबा, पण दांडीचं डॉक्टरांना जरूर सांगा. पुन्हा करायची वेळ आली तर आधीच्या रात्री नीट झोपा, हलकं खाऊन या आणि बूट पळायचे आणा. अर्धे लोक चपलेत येतात.